सावळखोपीत नसलेली बारव

बारव सापडली. चांगली मोठी, दगडी, तीन बाजूंनी पायऱ्या आणि तळाला स्वच्छ पाणी. स्वप्निलला सापडली आणि पुनमच्या डोळ्यांदेखत सापडली.

हे तुम्ही वाचलेलं नाही. चुकून नजर गेली असेल तर ती परत घ्यावी. आपण जिथं काहीच सापडलेलं नव्हतं तिथून सुरू करू.

स्वप्निल हिंगोलीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होता. आठवडाभर परीक्षानळ्या विसळायच्या आणि रविवारी बायकोला मोटारसायकलवर बसवून पडकी देवळं शोधायला निघायचं, हा त्याचा क्रम. नावाजलेली देवळं त्याला चालत नसत. जिथं पाटी आहे, नारळवाला आहे, चपला सांभाळणारी बाई आहे, तिथं जाणं म्हणजे त्याच्या मते आठवडी बाजाराला जाणं. त्याला शेजारच्या गावालाही ठाऊक नसलेलं ठिकाण लागायचं. आता शेजारच्या गावालाच ठाऊक नाही म्हटल्यावर रस्ता विचारायचा कुणाला? म्हणून नकाशा लागायचा, आणि घात तिथंच व्हायचा.

पहिल्या मोहिमेत मोबाइलने ‘प्राचीन मंदिर’ म्हणून त्यांना एका पोल्ट्री फार्मवर नेलं. दुसऱ्या वेळी मित्राने वहीच्या पानावर नकाशा काढून दिला. त्यात ‘काळी म्हैस बांधलेली असते तिथून डावीकडं’ अशी खूण होती. म्हैस आदल्या महिन्यात विकली गेली होती. दोघं त्याच रस्त्याने चार वेळा गेले. तिसऱ्या खेपेला तर सिद्धेश्वर धरणाच्या काठावर उभं राहून समोर पसरलेल्या पाण्याकडं बघत असताना खिशातला मोबाइल म्हणाला, “तुम्ही तुमच्या ठिकाणी पोचला आहात.”

त्या संध्याकाळी पुनमने हेल्मेट काढलं, ओट्यावर ठेवलं आणि शांतपणे सांगितलं.

“आता एकच मोका. येत्या रैवारी ते जे काय हाय ते डोळ्यानं दिसलं, तर वर्षभर तुमी म्हणाल त्या काट्याकुट्यात येईन. तोंडातून शब्द काढणार न्हाई. न्हाई दिसलं, तर दर रैवारी शिरडला. माज्या माहेरी.”

“दर रविवारी?”

“दर.”

शिरड शहापूरची माणसं वाईट नव्हती. जेवायला आग्रह करत, झोपायला गादी देत. पण सासऱ्यांना लेकी-जावयाच्या लग्नाची सीडी बघायचा नाद होता. जावई आला की ते सीडी लावत, आणि नवरदेव घोड्यावरून उतरताना ज्या बाजूने पडला तो भाग मागं नेऊन पुन्हा दाखवत. “हे बघा जावईबापू, इथून पाय सटकून राहिला तुमचा,” असं समजावून सांगत. वर्षाला बावन्न रविवार असतात. स्वप्निलने बोटांवर मोजायचं सोडून दिलं.

म्हणून या खेपेला तो मोबाइलच्या नादी न लागता थेट लतीफचाचांकडं गेला. लतीफचाचांची सारी नोकरी जमिनीच्या मोजणीत गेलेली. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या डोक्यात जिल्ह्यातला बांध न् बांध होता. जुन्या गावनकाशावरून त्यांनी कापडावर एक नक्कल काढून दिली. सावळखोपी गाव, तालुका औंढा. त्यात शीव होती, पांदण होती, ओढा होता, प्रत्येक वावराचा गट नंबर होता, आणि एकशे तेरा न् एकशे चौदाच्या बरोबर बांधावर एक नाजूक चौकोन होता.

“ही बारव,” चाचा म्हणाले. “मी सोता पाह्यली. पण बेटा, एक ध्यानात ठेव. नकाशा घरी पाह्याचा, पाठ कराचा. गावात जाऊन उघडाचा न्हाई.”

“काहून चाचा?”

“मी तीस साल उघडला. दोनदा पळालो.”

स्वप्निलला ही म्हाताऱ्या माणसाची गंमत वाटली.

रविवारी सकाळी नऊला पुनमला घेऊन तो सावळखोपीत पोचला, गाडी पारापाशी लावली, सीटवर नकाशा पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. पाच मिनिटांत त्याच्याभोवती अकरा माणसं होती. त्यांतली दोन तर न्याहारीवरून उठून आली होती, हात अजून ओले होते.

“मोजणी का?” एकाने विचारलं.

“नाही हो. मी कॉलेजात, प्रयोगशाळेत असतो.”

गर्दी एक पाऊल मागं सरली.

“परयोगशाळा,” मागून कुणीतरी हळूच म्हणालं. “म्हंजे मातीचे नमुने. आता गेली जमीन.”

“तसं काही नाही. मला फक्त जुनी बारव पाहायची आहे. कुठं आहे?”

“बारव?” अकराही जण एकाच दमात म्हणाले. “आमच्या गावात? न्हाई ब्वा.”

“बारव असती तं दिसली नसती का?” एका म्हाताऱ्याने विचारलं. “माज्या आज्यानं बी पाह्यली न्हाई. आन् त्या चिंचेच्या अंगानं जाऊ नका, तिकडं तं बिलकुल न्हाई.”

पुनमने चिंचेकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं.

भानगड अशी होती. कुठल्याशा लांबच्या गावात एकाच्या वावरात मूर्ती निघाली, आणि तेव्हापासून त्या बिचाऱ्याला स्वतःच्या रानात खुरपं न्यायलाही अर्ज करावा लागतो, असं सावळखोपीने ऐकलं होतं. ते गाव कोणतं, हे कुणाला माहीत नव्हतं. त्यामुळं ती गोष्ट खोटी ठरायलाही वाव नव्हता.

तेवढ्यात पटका सावरत संतराम पुढं आले. साठीचे, गट नंबर एकशे चौदाचे मालक. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं.

“ह्यो चौकोन कोणाच्या वावरात येऊन राहिला?”

“तसा बांधावरच आहे. थोडा इकडं, थोडा तिकडं.”

संतरामचा चेहरा उतरला. “तिकडंच असंल. वैनीच्या वावरात.”

वैनी म्हणजे गोजरबाई, त्यांच्या थोरल्या भावाची विधवा, गट नंबर एकशे तेरा. या दीर-भावजयीचं एक हात रुंदीच्या बांधावरून बावीस वर्षं बोलणं नव्हतं. बांध तू कोरलास की मी, यावर दोघांनी तहसील पाहिली, कोर्ट पाहिलं. काही निरोप द्यायचा झाला तर तो ते समोरच्या बकरीला सांगत आणि दुसरा ऐकत असे. गोजरबाईंना बातमी लागली आणि त्या हातातल्या विळ्यासकट आल्या.

“सांगा हो त्यायला,” त्या पुनमला म्हणाल्या, “का चौकोन त्यायच्याच वावरात हाय. मपल्या वावरात आजपावतो साधा खड्डा न्हाई.”

“बाई, त्यायला म्हणाव,” संतरामही पुनमलाच म्हणाले, “बांध मीच त्यायच्याकडं सरकवला. बावीस वर्सं त्येच सांगून राहिल्या व्हत्या ना? बराबर व्हतं त्यायचं. एक हात त्यायचाच.”

गोजरबाई चपापल्या. पण बाई कसलेली. “एक हात भाऊजीचाच. मीच कोरला. चुकलं मपलं.”

‘भाऊजी’ हा शब्द ऐकून पारावरचा एक जण उभा राहिला. बावीस वर्षांनी ऐकत होता.

“दोन हात घ्या वैनी.”

“दोन काहून? पाच घ्या. धाकटे हाव तुमी.”

“मी थोरल्या भावाच्या वाट्याचं कसं घिऊ? बांधापासून धा पावलं तुमची.”

“वीस तुमची! आन् वरचं आंब्याचं झाड बी तुमचं!”

“आंबा नको!” संतराम कळवळून ओरडले. “आंबा तुमाला ठिवा, दादानं लावलेला हाय!”

अर्ध्या तासात दोघांनी मिळून मधली पाऊण एकर जमीन एकमेकांच्या गळ्यात मारून पाहिली आणि ती कुणीच घेईना. मग दोघंही एकदम स्वप्निलकडं वळले. “सायेब, तुमीच करा निवाडा.”

“मी परीक्षानळ्या धुतो हो,” स्वप्निल म्हणाला.

“धुवा की. पण आदी बांध दावा.”

उन्हं चढली होती. स्वप्निलला डोळ्यांसमोर घोडा दिसायला लागला होता आणि त्याच्यावरून सटकणारा पाय. शेवटी पुनमनेच पदर खोचला.

“मावशी, काका, आमाला कोणाची जमीन नको. निस्तं पाह्यचंय. पाहू, घोटभर पाणी पिऊ, आन् जाऊ.”

“निस्तं पाह्यचं?” गोजरबाईंनी विळा खाली केला. “मंग आदी सांगाचं ना माय. पाहा की. पण लिहून द्या.”

“काय लिहून द्यायचं?”

“का बारव न्हाई म्हणून.”

सगळ्यांना हे एकदम पटलं. संतराम गावच्या भांडणांत मुरलेले असल्यामुळं त्यांना पंचनाम्याची भाषा तोंडपाठ होती. अडचण एकच निघाली. पंचनाम्यात ‘समक्ष जाऊन पाहिले असता’ असं लिहावं लागतं, आणि खोटं लिहायची संतरामची तयारी नव्हती. तेव्हा समक्ष जाणं भाग होतं.

गाव चिंचेच्या अंगाने निघालं. बोरीबाभळी बाजूला सारल्या आणि बारव समोर आली.

पायऱ्या खाली खाली उतरत गेल्या होत्या. भिंतीतल्या देवळ्यांत पारवे घुमत होते, एका खांबावर नाचणारी बाई कोरलेली होती आणि तिच्या उचललेल्या पायाला कुणीतरी विडीचं बंडल अडकवून ठेवलं होतं. खाली इतका गारवा होता की घाम जागच्या जागी थांबला. पुनमने चपला काढल्या, सरळ तळापर्यंत गेली आणि पाण्यात पाय सोडून बसली.

“लिवा,” वरच्या पायरीवर मांडी घालत संतराम म्हणाले. त्यांनी कागद एका देवळीत ठेवला. “आज रोजी आम्ही खाली सह्या करणार पंच, समक्ष जाऊन पाहिले असता, सदर ठिकाणी बारव आढळून आली नाही.”

“जरा जोरात सांगा, आवाज घुमतोय,” स्वप्निल म्हणाला आणि त्याने लिहिलं.

त्याने फोटोसाठी मोबाइल काढला, तर गोजरबाईंनी हात आडवा धरला. “जे न्हाईच त्याचा फोटू कसा निघंल?” नकाशाही त्यांनी घडी करून कमरेला खोचला. मग चहा आला. दीर-भावजयीने एकाच पायरीवर बसून घेतला. पंचनाम्याच्या दोन प्रती झाल्या. स्वप्निलने मोजणीदार म्हणून सही केली, कारण गावाला दुसरा शब्द मान्य नव्हता. साक्षीदार म्हणून पुनमने केली. करण्यापूर्वी तिने कागद दोनदा वाचला, आणि आपली प्रत तिनेच पर्समध्ये ठेवली.

घरी येईपर्यंत स्वप्निल गाडीवर शीळ घालत होता. आठवडाभर त्याने पुढच्या वर्षाचे बेत आखले. रविवारी सकाळी तो बूट घालून बाहेर आला, तर पुनम पिशवी भरून उभी.

“चला. शिरडला.”

“शिरडला? अगं, बारव सापडली ना?”

तिने पर्समधून कागद काढला. “आढळून आली नाही. सही तुमची. साक्ष माजी.”

“तू पाण्यात पाय सोडून बसली होतीस!”

“कोण्या पाण्यात?” पुनम म्हणाली. आवाजात रागाचा मागमूस नव्हता. “हे पाहा, मी लिहिल्याच्या भायेर जात न्हाई. तुमाला जायचं आसंल तर जा.”

स्वप्निलने घाईघाईने पंचनाम्यावरचा संतरामांचा नंबर लावला. “काका, मी स्वप्निल. बारव पाहिली होती ना आपण? जरा माझ्या बायकोला सांगता?”

“बारव?” पलीकडून आवाज आला. “कोणती बारव? कोण बोलून राहिले तुमी?” मग फोन जरा दूर गेला. “वैनी, त्या मोजणीवाल्यायचा फोन हाय.”

“सांगा भाऊजी, घरी न्हाई म्हणाव,” गोजरबाई म्हणाल्या.

दुपारी शिरड शहापूरला जेवणं झाली, सीडी लागली. घोडा आला, पाय सटकला, सासऱ्यांनी मागं नेलं. तिसऱ्यांदा पडल्यावर स्वप्निलने मेव्हणीच्या वहीतलं पान फाडलं आणि लिहायला घेतलं.

प्रति,
मा. साहेब, नकाशे विभाग यांचे सेवेशी.
विषय : नसलेली बारव असल्याचा दाखला मिळणेबाबत.
महोदय,
वरील विषयी नम्र विनंती की, एका गावातील (नाव देता येत नाही) बारव अस्तित्वात नसल्याचा पंचनामा अर्जदाराने स्वखुशीने केलेला असून तो कायम ठेवण्यास अर्जदाराची हरकत नाही. तथापि बारव आहे. तरी सदर बारव आहे, परंतु ती कोणत्या गावी, कोणत्या गटात व कोणाच्या वावरात आहे याचा उल्लेख नसलेला एक दाखला, केवळ अर्जदाराच्या पत्नीस दाखवणेकामी, येत्या रविवारी सकाळी आठच्या आत घरपोच मिळावा, ही विनंती.