बाटलीवरचा अकरावा मुद्दा

आमच्या सहा पीचच्या झाडांवर मावा पडला आणि मी ठरवलं, यंदा औषध आपणच मारायचं. (घरात रेशमाच्या अळ्या वाढत असताना असं काही ठरवू नये, हे आमच्या मार्गिलान या रेशमाच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल, पण मी पडलो प्राध्यापक.)

दुकानदार म्हणाला, "बादलीला एक झाकण, दोम्ला! वाचत बसू नका, ते काही पुस्तक नाही."

दोम्ला म्हणजे गुरुजी. जुन्या हस्तलिखितांवर चाळीस वर्षं घालवलेला माणूस लेबल न वाचता राहील? भिंग घेऊन मी ते दोन दिवस वाचलं, टिपणं काढली. एकूण दहा मुद्दे. झाकणानं नव्हे, मापानं मोजा. हातमोजे, चष्मा, मुखपट्टी वापरा. वारा असेल तर फवारू नका. फवारल्यावर वीस दिवस फळ तोडू नका. "वीस" हा आकडा नीट वाचला की नाही, ही शंका आल्यानं मी दोनदा उठून पाहिलं.

"किडे मरायची वाट बघताय की म्हातारे व्हायची?" सानोबार, माझी बायको, म्हणाली.

अखेर सकाळी वारा पडलेला पाहून मी फवारलं. सगळं नियमानुसार! बाटली पेटीत कुलूपबंद करायला निघालो, तर ओल्या हातानं लेबलावर डकवलेली दुकानाच्या नावाची चिठ्ठी सुटली. खाली अकरावा मुद्दा होता. 'मधमाश्या आणि रेशमाच्या अळ्यांना अत्यंत घातक. तुतीजवळ फवारू नये.'

आमच्या तुती पीचपासून चार पावलांवर आहेत.

मी धावलो. सानोबार फांद्यांचा भारा घेऊन अळ्यांच्या खोलीच्या दारात पोहोचली होती.

"थांब! त्या फांद्या कधी तोडल्यास?"

"आत्ताच. का?"

मी लेबल पुढे केलं. तिनं वाचलं आणि भारा जागच्या जागी सोडला. आत अळ्यांची चौथी कात टाकून झालेली. आठवडाभरात कोष विणणार, म्हणून दर तीन तासांनी पाला लागे. महिनाभर तिनं त्यांच्यासाठी धड झोप घेतली नव्हती.

"धुऊन घातला तर?" तिनं हळूच विचारलं.

जन्मात मी कशाबद्दल ठाम बोललो नाही. "नाही," म्हणालो. "एक पानही नाही."

"मग पाला आणा. तासाभरात."

शेवटच्या आठवड्यात कुणाकडे तुतीचा पाला मागणं म्हणजे त्याच्या ताटातली भाकरी उचलणं. तरी शेजारच्या तोख्तासीनच्या फाटकाशी गेलो. चष्मा, मुखपट्टी तशीच.

"दोम्ला, मधाचं पोळं लुटायला निघालात की काय?"

मी सगळं सांगितलं. तो हसायचा थांबला. आत जाऊन एक बाटली घेऊन आला. तेच औषध, त्याच दुकानाची चिठ्ठी.

"आज संध्याकाळी मारणार होतो," तो म्हणाला. चिठ्ठी नखानं खरवडली, वाचली आणि ओरडला, "मग तुम्ही त्या कपड्यांनी माझ्या तुतीजवळ काय करताय? मागे व्हा! अजून मागे!"

मी रस्त्यापर्यंत मागे गेलो. (कपडे बदला, हा नववा मुद्दा. टिपणात होता.)

मी घरी जाऊन अंघोळ करेपर्यंत तोख्तासीनची गाढवगाडी पाल्यानं भरून आमच्या दारात उभी होती. पुढचे सगळे दिवस तो पाला देत राहिला. गल्लीनंही दिला, कारण संध्याकाळपर्यंत जो तो आपापली बाटली घेऊन आमच्या अंगणात आला होता. मी भिंग लावून वाचत होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं व्याख्यान कुणी मधेच उठून न जाता ऐकलं.

अळ्या जगल्या. कोष असे भरले, की खरेदी केंद्रावरची बाई मूठभर हातात घेऊन बघतच राहिली.

"आपा, एवढे जाड कोष!" तिनं सानोबारला विचारलं. "काय केलंत तरी काय?"

मी घसा साफ केला. लेबल, पाला, गल्ली, सगळं क्रमानं सांगायची तयारी होती.

"विशेष काही नाही," सानोबार म्हणाली. "शेवटचे आठ दिवस ह्यांना खोलीत पाऊल टाकू दिलं नाही."

बाईनं वही काढली आणि हे लिहून घेतलं.