आई, योशी!

माझे मेहुणे विनायकराव घराबाहेर पडताना गॅसच्या बटणावर बोट रोखतात आणि खणखणीत आवाजात म्हणतात, "गॅस, योशी!" मग बोट हीटरकडे. "हीटर, योशी!" मग खिडकी, किल्ली, पाकीट. शेजारच्या जपानी बाई हे भिंतीपलीकडून ऐकतात आणि, मला दाट संशय आहे, आपलाही गॅस बघून येतात.

जपानी कारखान्यांतली ही रीत. नजरचूक होऊ नये म्हणून वस्तूकडे बोट दाखवायचं आणि 'योशी', म्हणजे 'ठीक आहे', असं मोठ्याने म्हणायचं. जपानातले मोटरमनही हे करतात, पण घरी गेल्यावर थांबत असावेत. विनायकराव नागोयात मोटारींच्या कारखान्यात आहेत आणि थांबत नाहीत. एकदा त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या मेधाताईने, नवी साडी नेसून विचारलं, "कशी दिसते?" त्यांनी बोट उचललं. त्या दिवशी जेवण बाहेरून मागवावं लागलं.

"माणूस विसरतो रे, बोट विसरत नाही," असं ते मला ऐकवतात.

नववर्षाच्या सुट्टीत मी कावासाकीहून त्यांच्याकडे गेलो होतो. पुण्याहून आलेली त्यांची आई, आमच्या काकू, त्याच आठवड्यात परत जायच्या होत्या. काकूंना अलीकडे विसरायला होत होतं. जेवण झालं की नाही, आपण नागोयात आहोत की सिंहगड रोडला, असं मधूनच विचारायच्या. जाण्याआधी त्यांना लक्षात राहील असं काहीतरी दाखवायचं, हा विनायकरावांचा हट्ट. म्हणून दिव्यांचा उत्सव.

जुनं गाव, लाकडी घरं, मधून नदी, नदीवर पूल. पत्रकात 'शांततेची अनुभूती' असं छापलं होतं. ती घ्यायला निम्मं नागोया आलं होतं.

विनायकरावांची तयारी चोख होती. आई गर्दीत दुरून ओळखू यावी म्हणून जांभळं फुगीर जाकीट, पांढरी लोकरी टोपी आणि थंडीसाठी मास्क. हरवू नये म्हणून तिचा फोन स्वतःच्या खिशात. दर वळणावर हजेरी. "मेधा, योशी! रेवा, योशी! आई, योशी!"

"बाबा, हाझुकाशी!" लेक रेवा कुजबुजली. लाज वाटते, असा त्याचा अर्थ. मी मान डोलावली. मीही हजेरीत होतो.

अंधार पडला तसे गावातले सगळे दिवे मालवले. एका सुरात मोजणी झाली आणि हजारो कागदी कंदील एकदम उजळले. लोक "ओऽ" म्हणाले आणि त्यांनी ते आपल्या फोनमधून पाहिले. पुढे सरकताना विनायकरावांनी बोट फिरवलं. मेधा, योशी. रेवा, योशी. मेहुणे, म्हणजे मी, योशी. आई, योशी.

आई वळली आणि कमरेतून वाकली.

काकू आयुष्यात कुणापुढे इतक्या वाकल्या नव्हत्या. मास्क खाली झाला. आत एक जपानी आजी होती, तेच जाकीट, तशीच टोपी. कुणी योशी म्हटल्यावर काही तरी बोललं पाहिजे म्हणून ती "हाइ", म्हणजे 'हो', म्हणाली.

विनायकरावांचं बोट तसंच हवेत राहिलं.

"कधीपासून?" ताईने विचारलं. "अहो, तुम्ही कधीपासून या बाईंना योशी म्हणताय?"

ते सांगता येईना. चहाच्या टपरीपासून असेल, देवळापासूनही असेल. मी मागे पळालो, ताई देवळाकडे गेली. काकूंना जपानी येत नाही, फोन नाही, बर्फ भुरभुरू लागलेला, आणि नदीच्या काठाला कठडा म्हणून नुसता दोर. तो दोर सुंदर दिसतो, असं मीच तासाभरापूर्वी म्हणालो होतो.

स्वयंसेवकांच्या तंबूत परत भेटलो तेव्हा काकू कुणालाच दिसल्या नव्हत्या. तिथला तरुण फार अदबीचा. त्याने वर्णन विचारलं. "जांभळं जाकीट," विनायकराव म्हणाले. त्याने बाहेर नजर टाकली. तिथून पाच जांभळी जाकिटं दिसत होती. त्याने नम्रपणे जपानीत घोषणा केली. भारतातून आलेल्या आदरणीय आजींनी कृपया तंबूकडे यावं.

"तिला काय कळणार यातलं?" विनायकराव म्हणाले आणि माईक मागितला. तरुणाने खूप दिलगिरी व्यक्त केली. पाहुण्यांनी माईक घ्यायची पद्धत नव्हती. जपानात पद्धत नाही म्हटल्यावर विनायकराव दोन पावलं मागे सरकतात, हे मी अनेकदा पाहिलंय. त्या दिवशी त्यांनी माईक सरळ उचलला. बोट खाली होतं.

"आई!"

त्या जपून बोलणाऱ्या गर्दीत तो आवाज एखादी काच फुटावी तसा घुमला. माणसं जागच्या जागी थांबली. कुणी फोन खाली केले.

"आऽऽई!"

आणि पुलावरून, बर्फातून, सिंहगड रोडच्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून यावी तशी ठणठणीत ओ आली.

"ओऽऽ! इकडंय रे! ओरडतोस काय, लोक बघतायत!"

काकू पुलावर एका कंदिलाशी बसल्या होत्या. "तूच हरवलास," असं त्या विनायकरावांना ठासून म्हणाल्या. "मी कुठं गेले? मी इथंच." गाडीत बसल्यावर नेहमीची हजेरी झाली नाही. विनायकरावांनी वाकून आईचा मास्क खाली केला, चेहरा नीट पाहिला, आणि पट्टा लावून दिला. रेवाने पहिल्यांदाच आपण होऊन विचारलं, "बाबा, योशी?" त्यांनी गाडी सुरू केली.

काकू आता पुण्यात एकट्या असतात. सकाळी एक बाई येऊन जाते. गेल्या महिन्यात मी नागोयाला गेलो होतो, तेव्हा दुपारच्या पाळीला निघालेले विनायकराव दारात उभे होते. गॅस झाला, हीटर झाला. मग त्यांनी फोन लावला.

"आई."

"ओ," पलीकडून आलं.

"काही नाही," ते म्हणाले. "ठेवतो."

फोन खिशात टाकून ते बूट घालू लागले. खाली मान घालून, शेजारच्या बाईंनाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "योशी."