भाटकर सरांची लाडकी बुरशी

भाटकर सर सकाळी प्रयोगशाळेत आले की आधी उबवणीच्या कपाटाचं दार उघडतात आणि आत वाकून विचारतात, "जेवलीस काय गो?" मी नोकरीला नवा होतो तेव्हा हबकलोच. आत होती बुरशी. पालीच्या एका बागेतल्या रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या झाडाच्या, करपलेल्या पानांवरून काढून सरांनी ती पेट्री डिशमध्ये वाढवली होती.

या बुरशीने सरांच्या जिवाला घोर लावला होता. बटाट्याच्या थिजवलेल्या पाण्यावर ती पांढरी शुभ्र पसरायची, पण बीजाणू धरायचं नाव नाही. आणि बीजाणू दिसल्याखेरीज ती नेमकी कोण, हे ठरत नाही. माझ्या नोंदवहीत 'बहुधा' दिसलं की सर ते पान पुन्हा लिहायला लावायचे, तेव्हा अंदाजाने नाव देणं शक्यच नव्हतं. मग लाड सुरू झाले. ओट झाले, गाजर झालं, मक्याचं पीठ झालं. स्वतः दुपारी चहा-खारीवर भागवणारा हा माणूस बुरशीसाठी बाजारात गाजरं निवडत बसायचा! शेवटी त्यांनी रातांब्याचीच पानं उकळून त्या काढ्यावर तिला ठेवलं. "माहेरचं जेवण आहे," म्हणाले.

नवव्या दिवशी सर सूक्ष्मदर्शकावरून उठले ते थेट माझा हात धरून. बीजाणूच बीजाणू! आम्ही दोघे टेबलाभोवती चक्क नाचलो. शिपायाने डोकावून पाहिलं आणि हळूच दार लोटून घेतलं.

आता एकच परीक्षा उरली. हीच बुरशी करपा आणते हे सिद्ध करायचं, तर ती एका निरोगी रोपावर फवारायची, दुसऱ्यावर नुसतं पाणी मारायचं आणि वाट बघायची. रोपवाटिकेतल्या रोपांवर औषध मारलेलं असतं, म्हणून सरांनी मिरजोळ्याच्या घरून रातांब्याची कुंडीतली दोन रोपं आणली. आणि फवारा हातात धरून पाव तास नुसतेच उभे राहिले.

मी विचारलं तेव्हा कळलं. एक रोप मोठ्या मुलीने लावलेलं, एक धाकटीने. दोघी लग्न होऊन मुंबईला, आणि दर वर्षी त्यांचं येणं काही ना काही कारणाने राहतं. घरात सर एकटेच.

"तूच मार बाबा," ते म्हणाले आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मी धाकटीच्या रोपावर बुरशी फवारली. मला फार वाईट वाटलं.

आठव्या दिवशी त्या रोपावर तेच तपकिरी डाग आले. डागातून पुन्हा तीच बुरशी वाढली, बीजाणूंसकट. सरांना आनंद मावेना. सगळ्या इमारतीला पेढे वाटून झाल्यावर त्यांनी धाकटीला फोन लावला.

"बाय, तुझं रोप आजारी पडलंय गो. एकदा येऊन बघून जा."

मग मोठीला लावला. तिचं रोप समोरच होतं, नुसत्या पाण्यावर हिरवंगार, एक डाग नाही. सरांनी माझ्याकडे पाठ केली.

"तुझ्या रोपाचंही काही खरं दिसत नाही," ते म्हणाले. "दोघी मिळूनच या."