भगवानरावांवरील फ्लूच्या स्वारीची हकीकत

ज्वर उतरला, तेव्हां ज्यानें त्यानें फत्ते आपल्या नांवें लाविली. शेजारी किशनराव म्हणे माझी गोळी, पत्नी शकुबाई म्हणे माझा काढा, आणि खुद्द भगवानराव म्हणत, आमचें हाडच जुनें. खरें लढलें कोण, हें कागदीं राहावें, म्हणोन ही हकीकत लिहिली. वाचणारांनीं नाकास रुमाल लावून वाचावी.

मौजे चिंताकी, तालुके औराद, जिल्हा बीदर, येथें राजमान्य राजश्री भगवानराव, वय वर्षें एकसष्ट, तुरीचे मातबर व्यापारी, सुखें नांदत असतां कन्या पल्लवी माहेरीं बाळंत होऊन पहिली नात झाली. परमानंद होऊन बारशाचे चांदीचे वाळे आणावयास स्वारी जातीनें बीदरेस गेली, आणि परततां बसमध्यें शेजारीं अनिलकुमार नामें गृहस्थ होते, ते तोंडावर हात न धरितां शिंकले, आणि तेच क्षणीं फ्लूचा गनीम नाकाच्या दिंडीदरवाज्यानें देहाच्या किल्ल्यांत शिरला.

गनीम मोठा मायावी. स्वतःची चूल नाहीं, कारखाना नाहीं. परंतु घशांतील पेशींत घुसावें, तिच्याच कारखान्यांत आपल्या हजारों नकला काढाव्या आणि तिला मारून शेजारणीकडे जावें, ऐसा शिरस्ता. दोन दिवस किल्ल्याच्या राजास, म्हणजे भगवानरावांस, खबर नाहीं. राजे मिरचीभजीं खात होते. परंतु पडत्या पेशींनीं मरतां मरतां इशारत दिली, मग शेजारच्यांनीं दारें लाविलीं, मग गस्तीच्या पांढऱ्या पेशी धांवून गनीम गिळूं लागल्या, आणि मेंदूच्या सदरेहून फर्मान सुटलें कीं, अवघा मुलूख तापवावा, गनिमास बसूं देऊं नये. ताप एकशें तीन झाला. राजास वाटलें, तापच शत्रू.

ऐशा अवस्थेंत राजे घोंगडें पांघरून नातीच्या खोलीवर चालून गेले. उंबऱ्यांत शकुबाई उभ्या.

“हितंच थांबा. लेकराकडं कामून जायलाव?”

“अगं, आज्जा हाय मी तिचा!”

“व्हय, आन् आज्ज्याच्या नाकाला धार लागलीया. धा दिसाचं लेकरू हाय ते.”

आंतून पल्लवीचा आवाज आला, “अप्पा, काल तुमी तिचा मुका घेतलाव.”

तें ऐकतांच राजे घोंगडें सांवरून माघारीं फिरले, बाहेरच्या खोलींत नजरकैद पत्करिली, आणि भिंतीकडे तोंड करून निजले. अंग दुखत होतें, त्याहून तो मुका दुखत होता.

दुसरे दिवशीं किशनराव कुमक घेऊन आले. “दवाखान्याला कामून जायलाव? मागल्या साली दाढंला दिलेल्या गोळ्या हायत, चार उरल्यात.” राजांनीं चारही स्वीकारिल्या. ह्या तोफा जिवाणूंवर चालणाऱ्या. विषाणूस त्यांची आंच नाहीं. फ्लूचा एक शिपाई पडला नाहीं, मात्र आंतड्यांतील निरपराध रयत बेसुमार कापली गेली, आणि राजांस एके दिवसांत आठ वेळां लोटा घेऊन कूच करावें लागलें. मग औरादच्या डॉक्टरीणबाईंनीं हुकूम केला, “अप्पा, हा व्हायरल हाय. त्या गोळ्यांचं हितं काम न्हाई. आराम करा, पाणी प्या, दम लागला तर लगेच या.”

इकडे मानेच्या गाठींत खरी मसलत चालली होती. लाखों पेशींतून ह्याच गनिमाचें माप ज्यांस ठाऊक, ऐशा मोजक्या निवडल्या, आणि एकीच्या हजार, हजाराच्या लाख ऐशा वाढविल्या. पांचवे दिवशीं कांहींनीं प्रतिपिंडें सोडिलीं, तीं गनिमास चिकटून त्याचे हातपाय बांधूं लागलीं; आणि कांहींवर कठीण कामगिरी आली कीं, ज्या घरांत गनीम लपला तें आपलेंच घर पाडावें. पाडिलें. रडावयास फुरसत नव्हती.

नातीची चिंता मात्र सर्वांस. तिजपाशीं स्वतःची कसलेली फौज नाहीं. परंतु गरोदरपणीं पल्लवीनें फ्लूची लस घेतली होती. तेव्हां आईच्या फौजेनें ह्या गनिमाची तसबीर पाहून जीं प्रतिपिंडें घडविलीं, तीं नाळेवाटें लेकीस आधींच पोंचलीं होतीं, आणि दुधांतून आणिक जात होतीं. पल्लवी दोनदां शिंकली. बाळ प्यालें, निजलें, पुन्हां प्यालें. बारसें झालें तें राजांनीं खिडकीबाहेरून पाहिलें. अंजू नांव ठेविलें तें बायकांच्या गलक्यांत नीट ऐकूंही आलें नाहीं, आणि डोळे पुसले ते सर्दीच्या नांवावर खपविले.

आठवे दिवशीं ज्वर मोडला. गनीम नेस्तनाबूद जाहला. फौजेस रजा मिळाली. गनिमाचा चेहरा ओळखणाऱ्या थोड्या पेशी ठाण्यांवर राहिल्या. दहावे दिवशीं डॉक्टरीणबाईंनीं नातीजवळ जाण्याची मुभा दिली. तेव्हां राजांनीं किशनरावांस शाल दिली, काढ्याची जाहीर तारीफ केली, मिशीस पीळ दिला. मग ज्या लाखों पांढऱ्या पेशी लढतां लढतां कामास आल्या होत्या, त्यांचा पिवळा कफ परसांत थुंकिला, वर पायानें माती लोटिली, हात साबणानें धुतले, आणि आंत जाऊन नातीस मांडीवर घेतलें.