नऊचं दूध नऊलाच

सोनखेडीच्या जय तापीमाता दूध उत्पादक सहकारी संस्थेचे चेअरमन नथ्थूभाई पाटील यांच्या नातवाने मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी दुधाची मागणी केली. नियमाप्रमाणे दूध नऊ वाजता मिळणार होतं. नातवाचं वय त्या दिवशी एकवीस दिवस असल्याने मागणी तोंडी होती, आणि ती अख्ख्या गल्लीला ऐकू गेली.

नियम आदल्याच रविवारी झाला होता. पोराची आई भूमिका हिला बाळंतपणानंतर काही औषधं सुरू झाली आणि अंगावर पाजू नका, असं शहाद्याच्या डॉक्टरांनी बजावलं. म्हणून डब्याचं दूध आलं. ज्या माणसाच्या संस्थेत रोज चौदाशे लिटर दूध जमा होतं, त्याच्या घरात पावडर कालवली जाते, हे नथ्थूभाईंना आधीच लागलं होतं. त्यात डॉक्टरांनी कागदावर लिहिलं होतं, 'दर दोन-तीन तासांनी, किंवा बाळाला भूक लागेल तसं.'

"हाई किंवा काय शे?" नथ्थूभाईंनी कागद उजेडात धरला. "संस्था किंवावर चालत नही."

त्यांची संस्था खरोखरच घड्याळावर चालायची. सकाळी साडेसातला संकलन केंद्राची खिडकी बंद म्हणजे बंद. सात एकतीसला आलेलं सख्ख्या मेव्हण्याचं कॅन त्यांनी परत पाठवलं होतं. त्या मेव्हण्याने पुढे तीन वर्षं दिवाळीला तोंड दाखवलं नाही, आणि ही गोष्ट संस्थेच्या वार्षिक अहवालात 'प्रगती' या सदराखाली छापली होती.

तेव्हा रविवारी जेवणाआधी बैठकीच्या खोलीत सभा भरली. नथ्थूभाई अध्यक्ष. त्यांच्या पत्नी शांतीबाई आणि मुलगा हेमकांत, म्हणजे पोराचा बाप, हे सदस्य. संस्थेचा सचिव भीमसिंग याला वही घेऊन बोलावलं होतं, कारण इतिवृत्त लिहायला कोणी नसेल तर नथ्थूभाईंना बोलताच येत नसे.

"लेकरू रडनं का बाटली तोंडमा देवानी," शांतीबाई म्हणाल्या. "चार पोरे वाढाडात मी. घरमा घड्याय तरी कोठे व्हतं?"

"त्यान्हामुळेच हेमकांत असा निंघना," अध्यक्ष म्हणाले. बत्तीस वर्षांच्या हेमकांतने मोबाईलमध्ये मान घातली.

भूमिकेने हात वर केला. भीमसिंगने तिला अदबीने समजावलं, "वहिनी, तुमच्या लग्नाला दोनच वर्षं झाली. तुम्ही नाममात्र सभासद. चर्चा करता येते, मत देता येत नाही." तिने बाळाबद्दल विचारल्यावर तो म्हणाला की बाळ लाभार्थी आहे आणि लाभार्थ्याला मत विचारायची पद्धत नाही.

वडिलांनी रोखून पाहिल्यामुळे हेमकांतने अनुमोदन दिलं. दोनास एक अशा मतांनी ठराव पास झाला आणि वहीत 'एकमताने' अशी नोंद झाली. सकाळी सहा, नऊ, दुपारी बारा, तीन, संध्याकाळी सहा, रात्री नऊ. नंतर केंद्र बंद. वेळापत्रकाला प्लास्टिकचं आवरण घालून ते फ्रिजवर चिकटवण्यात आलं.

मंगळवारी आठ दहाला म्हणूनच पेच पडला. भूमिका पोराला खांद्यावर घेऊन ओसरीत येरझारा घालत होती. नथ्थूभाई पेपर वाचत होते.

"आबा, पन्नास मिनिटना तर प्रश्न शे."

"आज पन्नास मिनिट, उद्या एक तास. मंग शिस्त कोठे ऱ्हायनी?"

आठ पंचावन्नला पोर रडून रडून झोपलं. नऊला त्याला उठवण्यात आलं, कारण मंजूर दूध वेळेत उचललं नाही तर ते रद्द होतं. तळपायाला टिचक्या मारल्यावर त्याने निम्मी बाटली संपवली आणि पुन्हा डोळे मिटले. वहीत 'लाभार्थ्याने उर्वरित पुरवठा नाकारला' असा शेरा पडला. ज्याने नऊला नाकारलं त्याला सव्वादहाला मागायचा नैतिक अधिकार नाही, हे ओघानेच आलं.

पुढच्या आठवड्यात गुणवत्ता नियंत्रण सुरू झालं. दूध म्हटलं की नमुना आलाच. प्रत्येक बाटलीतून दहा मिलीलीटर फॅट तपासायला आणि दहा मिलीलीटर, निकालाबद्दल लाभार्थ्याची तक्रार आलीच तर, फेरतपासणीसाठी राखून ठेवायला. तपासणी होईपर्यंत उरलेलं दूध गार व्हायचं. ते पुन्हा कोमट करायला अध्यक्षांची तोंडी परवानगी पुरायची, हा त्यातला दिलासा.

वेळेबाहेरचं रडणं थांबेना, तेव्हा त्याची शहानिशा करायचं ठरलं. रडणं तीन प्रकारचं असतं, असं नथ्थूभाईंनी स्वतः ठरवलं: भुकेचं, ओल्याचं आणि उगाच. प्रकार ठरवायला भीमसिंगने संस्थेतून येऊन पंचनामा करायचा. त्याची मोटरसायकल येईस्तोवर बहुधा बाळ थकून झोपलेलं असे. मग तो 'प्रत्यक्ष पाहणीत रडणे आढळले नाही' असं लिहून चहा पिऊन जाई.

एके दिवशी दुपारी दोन वाजता पोराने भूमिकेच्या ओढणीचं टोक तोंडात ओढलं आणि ते चोखत राहिलं. रडलं नाही. नुसतं चोखत राहिलं. भूमिकेला आत्तापर्यंत लाज वाटत होती, भीती वाटत होती. त्या दिवशी पहिल्यांदा सणसणीत राग आला.

शांतीबाई दारातून पाहत होत्या. "चाल," त्या मोठ्याने म्हणाल्या, "म्हशीस्ले पानी दाखाडी येऊत."

गोठ्यात पेंडीच्या पोत्यामागे दुसरा डबा होता, थर्मास होता, उकळून पुसून ठेवलेली बाटली होती. डबा हेमकांतने शहाद्याहून गाडीच्या डिकीत लपवून आणला होता. सभेत अनुमोदन देणाऱ्या माणसाने एवढं केलं, याचं भूमिकेला रडू आलं. पोराने बाटली रिकामी केली, ढेकर दिला आणि म्हशीकडे बघत बसलं. चेअरमनच्या नातवाला त्या दिवसापासून काळ्या बाजारात दूध मिळू लागलं. मागेल तेव्हा, नमुना न काढता.

दीड महिन्याच्या तपासणीला डॉक्टरांनी वजन केलं आणि खूश झाले. "छान. भुकेप्रमाणे पाजताय ना?"

"वेळेप्रमाणे," नथ्थूभाई म्हणाले.

"एवढं कडक नको हो. लहान आहे, मागेल तेव्हा द्या."

"डॉक्टर नवा शे," नथ्थूभाई तिच्याकडे वळून पुटपुटले. भूमिका दोघांच्या मध्ये उभी होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तिने भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं आणि गप्प राहिली. पोर गुबगुबीत होतं, घरात शांतता होती. उगाच कशाला, असं तिला वाटलं.

त्या गप्प राहण्यातून 'सोनखेडी पॅटर्न' जन्माला आला. एका बाळाचं वजन एवढं वाढतं, तर गावाचं का वाढू नये? संचालक मंडळाने ठराव केला. गावात बाटलीवरची आणखी पाच बाळं निघाली. प्रत्येकाच्या घरी संस्थेतर्फे डबे फुकट, एक भिंतीवरचं घड्याळ आणि वेळापत्रक. अट एकच, वेळेबाहेर थेंब द्यायचा नाही.

दोन महिन्यांनी संस्थेच्या सभागृहात गौरव समारंभ झाला. तालुक्याहून एक साहेब आले. भूमिका पोराला घेऊन व्यासपीठावर बसली होती, 'प्रथम लाभार्थी माता' असा बिल्ला लावून. पॅटर्न सगळ्या तालुक्याला लागू करावा, असा ठराव नथ्थूभाईंनी मांडला आणि तो टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला. भूमिकेनेही पोराचे दोन्ही हात धरून टाळ्या वाजवल्या. लोकांना ते फार आवडलं.

मग भीमसिंगने वजनं वाचली. चार बाळं उत्तम वाढलेली. पाचवी, सुषमाची मुलगी, दोन महिन्यांत जेमतेम दीडशे ग्रॅम वाढलेली.

सुषमा नवापूरकडची. ती आणि तिचा नवरा लखन नथ्थूभाईंच्या केळीच्या मळ्यात राहून काम करायचे. तिला गावची अहिराणी नीट यायची नाही, म्हणून ती चारचौघांत शाळेतलं मराठी बोलायची.

"चार ठिकाणी यश आणि एके ठिकाणी अपयश," नथ्थूभाई माईकवर म्हणाले. "याचा अर्थ पॅटर्न निर्दोष आहे. या बाईंनी वेळापत्रक पाळलेलं नाही. यांचे डबे बंद करावेत, असं मी सुचवतो."

सुषमा उभी राहिली. "सर, मी पाळलं. मोबाईलमध्ये सहा गजर लावले आहेत. ती मध्येच रडली तरी मी दिलं नाही. आधी खूप रडायची." तिने मुलीकडे पाहिलं. "आता रडत नाही."

 मांडीवरचं स्वतःचं गुटगुटीत पोर भूमिकेला जड झालं. गप्प बसावं तर त्या मुलीचा डबा जातो, बोलावं तर साहेबांसमोर सासऱ्यांची अब्रू जाते. तिने माईक ओढला.

"त्या बाईनी काहीच चूक नही," ती म्हणाली.  "मी हाई वेळापत्रक कधीनंच सोडी देयेल शे. मन्हा पोऱ्या रडना का मी त्याले गोठामा लई जास आणि पाजस. रोज. आबा, तुम्हना पॅटर्न गोठामा वाढेल शे."

 चार गौरवमूर्ती मातांपैकी एकीला हसू फुटलं. "मी बी. न्हाणीमा." दुसरी म्हणाली, "आम्हना घर तर घड्यायना सेलच काढी टाकेल शे." उरलेल्या दोघींनी पदर तोंडाला लावला. बघता बघता सगळं सभागृह हसू लागलं. कोणी बायकोला कोपराने ढोसलं, कोणी मांडीवर थाप मारली. साहेबांनी रुमाल काढून डोळे पुसले. नथ्थूभाईही थोडे उशिरा का होईना हसले, कारण सभा हातची जाऊ द्यायची नव्हती.

समोरच्या रांगेतली एक बाई मायेने सुषमाकडे वळली. "ओ बहीन, तू खरंच तसं करी ऱ्हायनी व्हती का? असं कोन करस?"

त्यावर आणखी मोठा हशा झाला.

सुषमाने पिशवीतून बाटली काढली. अकरा वीस झाले होते. तिने ती मुलीच्या ओठांना लावली. मुलीला ते कळायला जरा वेळ लागला, मग ती पिऊ लागली. सुषमाने मान वर करून सगळ्या रांगांवरून नजर फिरवली आणि साध्या आवाजात विचारलं,

"मग तुम्ही सगळ्यांनी टाळ्या का वाजवल्या?"

हसणं थांबलं. भूमिकेने छातीवरचा बिल्ला काढला. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. भीमसिंगने पेन उचललं आणि परत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी भूमिका सुषमाला घेऊन डॉक्टरकडे गेली. मुलगी आता मागेल तेव्हा पिते आणि पुन्हा जोरजोरात रडू लागली आहे. पॅटर्न तालुक्याला लागू झाला, कारण ठराव मंजूर झालेला होता. सुषमाचा प्रश्न इतिवृत्तात आला नाही, पण तो तिने मागेही घेतलेला नाही. जो ठराव स्वतः पाळणार नव्हतो त्यासाठी मी कधीच टाळ्या वाजवल्या नाहीत, असं ज्या वाचकाला छातीवर हात ठेवून सांगता येईल, त्याने केळीच्या मळ्यात जाऊन तिला उत्तर द्यावं. अजून कोणी गेलेलं नाही.