चुरीबाईंचं रजिस्टर

चुरीबाईंच्या शाळेत ॲडमिशनची चौकशी करायला गेलात, तर त्या आधी तुम्हाला चटईवर बसवतात, रजिस्टर उघडतात आणि विचारतात, "तुला काय येतं?"

मुलाला नव्हे. तुम्हाला. तुम्ही सुपरवायझर असा नाहीतर हेल्पर, चटईवर बसलात की अरेतुरेच.

"काय येत नाय" म्हणालात, तर रजिस्टर मिटतं. "मंग घरी जा, आठव. आठवलं की ये."

शाळा म्हणजे बोईसरजवळच्या बेटेगावातली पॅकिंगची एक बंद पडलेली शेड. बालवाडी ते चौथी. इथे मुलं सकाळी गातात, मातीत हात घालतात, टोपली विणताना गुणाकार शिकतात आणि भाजीच्या वाफ्याला पाणी घालून मगच वही उघडतात. शिकवणारे आम्ही तिघं, आणि बुधवारी पालक. रजिस्टरात ज्याला जे येतं, ते त्याने बुधवारी येऊन शिकवायचं. कुणाला जाळ्याची गाठ मारता येते, कुणाला घावन, कुणाला बुलबुलाचा आवाज.

मी इथे पत्रकं लिहिते. संतापून लिहिते, कारण संतापण्यासारखंच आहे. बोईसर स्टेशनपासून एमआयडीसीच्या नाक्यापर्यंत शाळांचे फ्लेक्स बघत या. सगळ्यांवर टाय लावलेलं तेच गोरं मूल. त्या मुलाला बोईसरमध्ये आजवर कुणी पाहिलेलं नाही! सहा वर्षांच्या जिवाचा गळा आवळायचा, त्याच्या घरची बोली चपलांसारखी वर्गाबाहेर काढायला लावायची, आणि याला शिक्षण म्हणायचं?

माझ्या पहिल्या पत्रकाची सुरुवात होती: 'पालकांनो, तुमच्या मुलांच्या बालपणाचा खून होत आहे!'

बाईंनी ते चष्मा वर करून वाचलं. "खून झालाय तं पोलिसांत जा गो. शाळंत कशाला आलीस?" मग लाल पेनाने सगळं खोडलं आणि खाली लिहिलं: 'रविवारी या. चहा आहे.'

रजिस्टरात माझ्या नावापुढे त्यांनी नोंद केली आहे: 'भांडायला येतं. बरं येतं.'

बाई मूळच्या माहीमच्या, मुंबईच्या नव्हे, इकडच्या; वाडीवाल्या घरातल्या. वय अडुसष्ट. जन्म शिकवण्यात गेला, निवृत्त झाल्या, आणि पेढे खाऊन घरी बसायच्या ऐवजी त्यांनी हे सुरू केलं. का, ते कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "उलटं करून बघते."

या उन्हाळ्यात शेडीचे मालक अण्णा पाटील यांचा धीर सुटला. टाइल्सवाल्याला गोडाऊन हवं होतं. अण्णा म्हणाले, "बाई, या रविवारच्या सभेत पंधरा नावं लिहून दाखवा. चौदा नाय, पंधरा. नायतर शेड सोमवारी रिकामी."

जुनी मुलं धरून आमच्याकडे नऊ होती. आधीच्या सभेला आलेल्यांपैकी निम्मे लोक 'तुला काय येतं'ला घाबरूनच उठून गेले होते. मी बाईंना स्पष्ट सांगितलं, "या रविवारी तेवढं विचारू नका. हात जोडते."

"मंग काय विचारू? पगार?"

रविवारी लोक आले. काही पहिली पाळी बदलून, काही रात्रपाळीचे डोळे चोळत. अण्णा दारातच खुर्ची टाकून बसले. बाईंनी रजिस्टर उघडलं. मी कपाळाला हात लावला.

पहिला नंबर यादवांचा. कंपनीत फिटर, भाड्याच्या खोलीत राहणारे. "मॅडम, ॲडमिशन बच्चे का है कि मेरा?"

"पहिले तुम्हारा. बच्चा तो पास हैच."

लोक हसले. यादव लाजले, मग म्हणाले, "आम की गुठली का बाजा बनाते थे गाँव में."

बाहेर आंब्याखाली कोयी पडल्याच होत्या. बाईंनी एक उचलून आणवली. यादवांनी ती फरशीवर घासली, घासली, टोक उघडलं आणि फुंकली. असा काही कर्कश आवाज निघाला की अण्णा खुर्चीतून उडाले. यादवांचा मुलगा बापाकडे असा बघत राहिला, जणू हा माणूस त्याला आजच भेटला.

'कोयीची पिपाणी,' बाईंनी लिहिलं. नाव दहावं.

मग गाडी चालली. अकरा, बारा, तेरा. चौदावी बुधीताई. पाड्यावरून उठून कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासायला येणारी, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागतं. "गानी येतात. लग्नाची, भाताची. फेर पन." लिहून झालं तरी ती उठेना. तिने बाईंकडे सरळ पाहिलं.

"बाई, तुमाला काय येतं?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मी, जी सगळ्या जगाला जाब विचारत फिरते!

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"काय येत नाय," त्या म्हणाल्या. "माजी आये लग्नात गानी म्हनायची. मला सगली यायची. तिसरीत एक म्हटलं. गुरुजी बोलले, हा रेडा कुनी आत घेतला? वर्ग हसला. तवापासून नाय म्हटलं. घरात बी नाय, मोरीत बी नाय." मग आणखी हळू, "आन् मी बाई झाले तवा मी पन दोन-चार पोरींना असंच बसवलं खाली. त्यांची नावं ध्यानात हायत."

यादवांनी पिपाणी हळूच खिशात ठेवली.

बुधीताई सरकली आणि तिने चटईवर आपल्या शेजारची जागा हाताने झाडली. "मंग हितं बसा. बुधवारी मी शिकवीन."

बाई टेबलामागून उठल्या, गुडघे धरत खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, "पोरी, लिही. मंदा चुरी. वय अडुसष्ट. शिकायचंय: गाणं."

मी लिहिलं. वर आकडा टाकला: पंधरा.

अण्णा दारातून आले, रजिस्टरावर वाकले. "बाई, मी पोरांची नावं मागितली होती."

"तुमी पंधरा नावं मागितली अण्णा. वयाचं काय बोलला नव्हता."

अण्णांनी वही हातात घेतली, पुन्हा ठेवली. "टाइल्सवाल्याला फोन करतो," एवढंच म्हणाले. जाताना यादवांकडून ती पिपाणी मागून घेतली.

आता दर बुधवारी बाई दाराशी उभ्या राहून विचारतात, "बुधीबाई, आत येऊ?" आणि पहिलीतल्या सहा वर्षांच्या रुपीशेजारी मांडी घालतात. पहिल्या बुधवारी त्यांचे नुसते ओठ हलले. दुसऱ्या बुधवारीही. तिसऱ्या बुधवारी एक ओळ आली. जाडी, घोगरी, मध्येच तुटलेली.

रुपीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. बाई दचकून थांबल्या.

"थांबलात कशाला?" रुपी म्हणाली. "मला पुढची येत नाय."

बाईंनी पुढची म्हटली.