रुसलेली लायब्ररी

"मावशी, या फाइलला तुम्ही हात लावलात का?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, फाइल मीच बनवलीय. हात न लावता कशी बनणार?"

साहेबांच्या चेहऱ्यावरचा संशय जागचा हलला नाही. पडद्यावर लाल अक्षरांच्या रांगा लागल्या होत्या आणि टेबलावरची नमुन्याची तीन मजली लिफ्ट तळमजल्यावर ठाण मांडून बसली होती. चार वाजता रुग्णालयाच्या इंजिनिअरबाई ती चालताना बघायला येणार होत्या. त्यात आज मावशींच्या तीन महिन्यांच्या उमेदवारीचा शेवटचा दिवस. सासूबाईंच्या आजारपणात बारा वर्षं घरी काढून बावन्नाव्या वर्षी त्या पुन्हा प्रोग्रॅम लिहायला बसल्या होत्या. त्यांना कायम करायचं की निरोप द्यायचा, हे साहेब संध्याकाळी ठरवणार होते.

साहेब मनाने देवमाणूस. फक्त जपणूक अंमळ जास्त. चालत्या फाइलची आधी कॉपी काढायची, मूळ फाइल कुलूपबंद करायची आणि काम त्या कॉपीवर करायचं, हा त्यांचा नेम. एक वेळ आंघोळ चुकेल, नेम चुकणार नाही. दुसरा नेम लाल अक्षरं न वाचण्याचा. वाचली की मन खचतं म्हणे.

मावशींनी मात्र चष्मा लावून वाचली. "साहेब, लायब्ररीची अनुक्रमणिका जुनी झालीय, रॅनलिब चालवा, असं म्हणतोय."

"म्हणजे व्हायरस?"

"नाही हो. लायब्ररी म्हणजे ही आपली फाइल, प्रोग्रॅमच्या शे-दीडशे तयार तुकड्यांचं गाठोडं. कुठला तुकडा कुठे ठेवलाय ते सुरुवातीच्या अनुक्रमणिकेत असतं. ती जुनी वाटली की संगणक गाठोड्याला हातच लावत नाही."

त्यांनी काळ्या खिडकीत एक ओळ टंकली, रॅनलिब ही अनुक्रमणिका नव्याने लिहिणारी आज्ञा आणि पुढे फाइलचं नाव. प्रोग्रॅम जुळला. लिफ्टमध्ये बसवलेलं खोडरबर सरसर तिसऱ्या मजल्यावर पोचलं. साहेबांना गहिवरून आलं. त्यांनी लगेच फाइलची कॉपी काढली, तिच्यावरून प्रोग्रॅम पुन्हा जुळवायला घेतला, आणि लिफ्ट बंद.

असं तीनदा झालं. पहिल्या खेपेला साहेबांनी नेटची वायर उपटली. दुसऱ्या खेपेला मावशींची खुर्ची संगणकापासून चार हात लांब सरकवली. तिसऱ्या खेपेला ते हळूच म्हणाले, "राग मानू नका, पण तुम्ही नीट करता आणि पाच मिनिटांत बिघडतं. हातगुणाचा भाग असतो एकेकाच्या."

घोटभर पाणी पिऊन मावशींनी फाइलवरच्या वेळा बघितल्या. अनुक्रमणिका तीन वाजून दहा मिनिटांची. फाइल तीन तेराची. तीन तेराला त्या हात धुवायला गेल्या होत्या.

"साहेब, तीन तेराला तुम्ही काय करत होतात?"

"मी? कॉपी काढत होतो. जपलेलं बरं."

कॉपीवर नवी वेळ पडत होती, आतली अनुक्रमणिका जुन्याच वेळेची राहत होती, आणि भोळ्या संगणकाला वाटत होतं की मागाहून कोणीतरी गाठोडं उसकटलं. मावशी हे सांगणार, इतक्यात दारात इंजिनिअरबाई उभ्या.

पाहुण्यांसमोर साहेबांचं माप काढणं मावशींच्या स्वभावात नव्हतं. सगळे तुकडे जुळवणाऱ्या आज्ञांच्या यादीत, जुळवणीच्या अगदी आधी, त्यांनी रॅनलिबची ओळ घालून टाकली. "साहेब, आता काढा कॉपी."

"आत्ता? बाईंसमोर?"

"हव्या तितक्या काढा."

साहेबांनी एक कॉपी काढून प्रोग्रॅम जुळवला. लिफ्ट वर गेली. दुसरी काढली. वर गेली. मग त्यांना चेवच चढला. पाचव्या कॉपीला तर लिफ्टमधून बाईंची किल्ली तिसऱ्या मजल्यावर जाऊन आली.

"छान," बाई म्हणाल्या. "यादीतली ही एक ओळ काय करते?"

साहेबांनी घसा खाकरला. "ती... शुभ असते."

"नेमकं काय करते?"

"ते आमच्या मावशी सांगतील," साहेब घाईघाईने म्हणाले. "त्या इथे कायम आहेत."

मावशींनी चष्मा पुसला. "कधीपासून, साहेब?"

बाई दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या.

"सकाळपासून," साहेब म्हणाले, आणि मावशींची खुर्ची स्वतःच्या हाताने संगणकाला चिकटवून ठेवली.